बिनवासाचं पाणी

आमच्या गल्लीच्या पाण्याला वास नव्हता, आणि त्याचा आम्हाला भारी माज होता. बाकी कोल्हापुरात नळ सोडला की आधी औषधाचा वास यायचा, मग पाणी. शाहूपुरीत माझ्या नणंदेकडे नुसता चहा घेतला तरी दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे मात्र तांब्या तोंडाला लावावा आणि डोळे मिटून घ्यावेत. गोड, गार, नितळ. पाहुणे जेवणापेक्षा पाण्याचंच कौतुक करायचे आणि जाताना कॅन भरून न्यायचे. नणंद तर सण असो नसो, रिकामे कॅन घेऊनच रिक्षातून उतरायची. मी तिला विचारायची, वन्सं, माहेरची आठवण येते की पाण्याची? ती हसून कॅन पुढं करायची.

गल्ली आमची अरुंद आणि लांबलचक. तोंडाशी तालीम, शेवटाला सार्वजनिक नळ. आमच्याकडे नळाला चावी म्हणतात. घरोघरी नळ होते, तरी प्यायचं पाणी सगळी गल्ली या चावीवरूनच भरायची. या चावीच्या बुडाशी शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या देवी. पूर्वी तिथं जवळच विहीर होती आणि त्या विहिरीच्या काठावर असायच्या. विहीर बुजवली तेव्हा त्या उघड्यावर आल्या. त्यांना पदरात घेऊन चावीपाशी बसवलं ते माझ्या थोरल्या जावेनं, आक्कानं. त्या दिवशी तिनं त्यांना शब्द दिला, की बायांनो, एकदा उठावं लागलं तुम्हाला, आता मी जिवंत असेपर्यंत कुणी उठवणार नाही.

आक्का पहाटेच चावीपाशी जाऊन बसायची. पाणी येण्याआधी चावी आतून हुंकारते, मग उसासा टाकते, मग लांबून कुणीतरी कुजबुजत यावं तसा आवाज येतो. आक्का कान लावून ऐकायची आणि म्हणायची, आल्या. पहिल्या धारेनं ती दगडांना न्हाऊ घालायची, हळदकुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या सारख्या करायची आणि मग आपली घागर भरायची.

आक्काची स्वप्नं आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर निघायची. मला स्वप्नं पडत नाहीत. माझी पिठाची गिरण आहे, त्यामुळे पडलंच तर पट्टा तुटल्याचं पडतं. आक्काला मात्र आसरा दिसायच्या. ओल्या केसांच्या, हिरव्या चोळ्यांच्या, धरणापासून नळातून वाकून वाकून चालत येणाऱ्या. कधी त्या कळंब्याच्या तळ्यावर थांबून वेण्या घालायच्या. कधी तालमीच्या पायरीवर टेकायच्या आणि आतली लाल माती पाहून हसायच्या. ऐकता ऐकता चहावर साय धरायची. मी थट्टा करायची खरी, पण गिरणीकडे जाताना चावीपाशी हातही जोडायची. देवाच्या बाबतीत विषाची परीक्षा कोण घेतो?

आक्काला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. तिनं आसरांना नवस केला आणि तिला मुलगा झाला, आदर्श. नवस असा होता, की या घरात जी पहिली मुलगी जन्माला येईल, तिच्या ओठाला पहिलं पाणी तुमचं लावीन. आक्काला पुढं मुलगी झाली नाही. नवस तसाच राहिला. मग आदर्शनं सौंदर्याशी लग्न जमवलं. ही गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात कन्नड बोलणारी. आक्कानं चार दिवस फुगून बघितलं आणि पाचव्या दिवशी तिला पुरणाचा कट कसा करायचा ते शिकवायला घेतलं. सौंदर्या मोजकं बोलायची. मराठी बोलताना शब्द निवडून घ्यायची आणि सासूपुढं तर तेही नाही. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. आणि मुलगी झाली.

आक्का त्या दिवशी पावसात भिजत चावीवर गेली आणि दगडांपुढं बसून रडली. मी छत्री घेऊन मागं उभी होते. मलाही रडू आलं, ते का आलं कोण जाणे.

आमच्यात सव्वा महिना झाला की बाळंतीण पाणी पुजते. जिथं विहीर तिथं विहीर, जिथं नदी तिथं नदी, आमच्याकडे चावी. त्या दिवशी आजी तुळशीच्या पानानं बाळाच्या ओठाला पाण्याचा थेंब लावते. बाळाची आणि पाण्याची ओळख. आक्कानं श्रावणातला शुक्रवार धरला.

त्या श्रावणात पाऊस थांबायचं नाव घेईना. भिंतींतून ओल झिरपत होती, वाळत घातलेल्या साड्या वाळत नव्हत्या, दुपार आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नव्हता. अख्खी गल्ली अर्धवट झोपेत चालल्यासारखी वाटायची. आणि अशात पोटं बिघडू लागली. आधी चावीशेजारच्या हंबीररावांच्या घरात, मग शेजारी, मग समोर. उलट्या, जुलाब, कणकण. कुणी म्हणालं मिसळ बाधली. कोल्हापूरच्या माणसाला मिसळ बाधते, यावर कोल्हापूरच्याच माणसानं विश्वास ठेवायचा म्हणजे कमालच झाली. कुणी म्हणालं पावसाळी हवा, कुणी दृष्ट लागली म्हणालं. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. ज्याला वास नाही, चव गोड, रंग काचेसारखा, त्याच्यावर संशय कोण घेणार?

उलट, आजारी माणसाला आक्का तीर्थ म्हणून चावीचंच पाणी न्यायची. जो जास्त आजारी त्याला जास्त पाणी. आजाऱ्याला तरी उकळून द्या म्हटलं तर बायका माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी देवाच्या प्रसादाला फोडणी द्यायला सांगत होते.

मग सौंदर्या पडली. ताप, जुलाब, डोळे खोल गेलेले. मागच्या खोलीत ती छताकडे बघत पडून राहायची आणि बाळ तिच्या अंगाला चिकटून रडायचं, कारण दूध आटत चाललं होतं. आक्का तिच्या उशाशी बसून वाटीवाटीनं चावीचं पाणी पाजायची, कपाळावरून हात फिरवायची, आसरांना हाका मारायची. इतक्या मायेनं पाजायची की नको म्हणायची कुणाची छाती होणार? शेवटी आदर्शनं तिला दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता. आक्कानं अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच पाणी खात्यात फोन केला. घरी आल्यावर मी आक्काच्या नकळत पाणी उकळून सौंदर्याच्या उशाशी बाटलीत ठेवू लागले. बाटली रोज रिकामी होत होती. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

दोन दिवसांनी पाणी खात्याच्या प्रयोगशाळेतली अनुजा आली. रेनकोट घातलेली, गालावर खळी असलेली पोर. तिनं तालमीच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, हळद कालवल्यासारखं. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे पाणी ठीक, असं तिनं सांगितलं. मग ती घरोघरी नळी भरत खाली आली. सगळीकडे पिवळं. चावीपाशी आली, नळी भरली, थेंब टाकले, नळी उजेडात धरली. पाणी जसंच्या तसं राहिलं. पांढरं, नितळ, सुंदर.

आक्का खुशीत आली. म्हणाली, "औषध न्हाय म्हणूनच तर गोड हाय की."

अनुजा खाली बसली. "आक्का, औषध तिकडनं निघतानाच घातलेलं हाय. तालमीपातूर आलंय. हितं येऊन संपतंय. कुणी खाल्ल्याबिगर ते संपत न्हाय."

मग तिनं सावकाश समजावलं. पाणी बंद असतं तेव्हा नळ रिकामा असतो आणि फुटका असेल तर बाहेरची घाण आत ओढून घेतो. पाणी सुरू झालं की क्लोरीन त्या घाणीशी झुंजतं आणि झुंजता झुंजता स्वतः संपून जातं. जंतू उरतात. ते दिसत नाहीत, त्यांना वासही नसतो. वास येतो तो राखणदाराचा, आणि आपण नेमकं त्याच्याच नावानं नाक मुरडतो. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे माझ्या आसरा घाणेरड्या आहेत असं म्हणायचंय का तुला? पोर उठली. बाटलीत पाणी भरून घेऊन गेली.

पाण्यात जंतू निघाले, आणि तेही गटारातले. खात्यानं गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टँकर सुरू केला. टँकरच्या पाण्याला वास होता. बायका नाकाला पदर लावून भरत होत्या. आक्कानं मात्र व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधीच चावीची तांब्याची घागर भरून देवघरात झाकून ठेवली होती. शुक्रवारसाठी.

मग खणायला माणसं आली. शेवटच्या घरापर्यंत पाणी पिवळं होतं, म्हणजे नळ फुटलाय तो बरोबर सात दगडांच्या खाली, हे अनुजानं खडूनं आखून दाखवलं. सयाजी मुकादमानं शेंदूर बघितला, बांगड्या बघितल्या आणि कुदळ खाली ठेवली. त्याच्या माणसांनीही ठेवली. रस्ता फोडू, भिंत फोडू, पण आसरांना हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पाण्यातल्या बायका, खवळल्या तर घर धुऊन नेतात. गल्लीतल्या शहाण्या माणसांनाही अचानक कामं आठवली. सगळे म्हणाले, आक्कानं बसवल्यात, आक्काला विचारा. आक्कानं एका शब्दात नाही म्हणून सांगितलं. तिनं शब्द दिला होता. शिवाय शुक्रवारी सून पाणी पुजणार होती, त्याच जागी, त्याच पाण्यानं.

मला तेव्हा तिचा राग आला. तिची श्रद्धा तिच्यापाशी, पण त्या घागरीतला थेंब सव्वा महिन्याच्या जिवाच्या पोटात जाणार होता. मी ते बोलून दाखवलं. आक्का म्हणाली, त्यांनीच दिलेला वंश, त्या कशाला वाईट करतील? मी गिरणीचा पट्टा लावायला निघून गेले.

शुक्रवारच्या आदल्या दिवशीची दुपार. वीज गेलेली, गिरण बंद, पाऊस एकसुरी. आक्का आणि मी बाहेरच्या सोप्यात चटईवर आडव्या झालो होतो. आत सौंदर्या बाळाला कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होती. त्या सुरात माझाही डोळा लागला असावा. मला वाटलं, जमिनीखालून बायका चालल्यात. बांगड्या किणकिणतायत, भिजलेले पदर सळसळतायत. जागी झाले तेव्हा आक्का उठून बसली होती आणि तिचे गाल ओले होते.

तिनं सांगितलं ते असं. आसरा धरणाकडून निघाल्या. प्रत्येकीच्या ओंजळीत हळद होती, ओली, पिवळीजर्द. नळातून वाकून चालत होत्या, आणि जिथं जिथं घर येईल तिथं एकेक बोट हळद लावत होत्या. उंबऱ्याला, घागरीला, पोरांच्या कपाळाला. गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत हळद पुरली. मग काळोख आला. त्या काळोखात कुणीतरी त्यांच्या पायांना धरत होतं. लहान लहान हात, असंख्य, गार, चिकट. एकेका हातावर हळद ठेवत त्या पुढं सरकत होत्या. हात संपत नव्हते. चावीपाशी पोचल्या तेव्हा ओंजळी रिकाम्या होत्या. सगळ्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. धाकटी तेवढी बोलली.

"आक्का, रिकाम्या हातानं आलो गं तुझ्या दारात."

आक्कानं विचारलं, मग इथं कशाला राहता, दुसरीकडे का जात नाही? तर ती म्हणाली, तू बसवलंस तिथं बसलोय.

मी तिला पाणी द्यायला उठले आणि घरात कुठलं पाणी द्यायचं ते सुचेना. जागेपणी बघितलेलं झोपेत दिसतं, त्या पोरीच्या नळीतलं पिवळं पाणी तुझ्या डोळ्यांत राहिलं, असं मी तिला म्हणाले. पण माझ्या अंगावर काटा होता. मग हिंमत करून म्हणाले, मग उठव ना त्यांना. आक्कानं पदरानं गाल पुसले. मग म्हणाली, शब्द दिलाय, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारी पाऊस थोडा उघडला. धुकं मात्र गल्लीत उतरलं होतं, तालीम दिसत नव्हती. धुक्यातून बायका एकेक करून आल्या, हातात ताटं, डोक्यावर पदर. सयाजी मुकादम माणसं घेऊन लांब पायरीवर बसला होता. अनुजाही आली होती. सौंदर्या हिरव्या साडीत, पण साडी नुसती अंगावर टांगल्यासारखी. आक्कानं घागर आणून ठेवली. कोरड्या चावीला हळदकुंकू लावलं, दगडांची ओटी भरली, दहीभात ठेवला. आक्कानं सांगितलं तसं सगळं सौंदर्यानं केलं. मग आक्कानं बाळाला मांडीवर घेतलं, घागरीतलं पाणी वाटीत काढलं, आणि त्यात तुळशीचं पान बुडवलं.

 मी बोलायला हवं होतं, पण मी नुसता पदर सावरला. पान बाळाच्या ओठाजवळ आलं. बाळानं भूक लागल्यासारखं तोंड उघडलं.

"अत्ती, ब्याड्री," सौंदर्या म्हणाली.

अत्ती म्हणजे सासू आणि ब्याड म्हणजे नको, एवढं कन्नड कोल्हापुरात कुणालाही कळतं. पण लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला कधी नको म्हटलं नव्हतं, आणि सासूशी ती आपल्या भाषेत कधी बोललीही नव्हती. ती ओरडली नाही. तिनं हातही पुढं केला नाही. नुसती उभी राहिली, खोल गेलेल्या डोळ्यांनी आक्काकडे बघत.

 मला वाटलं आता आक्काच्या तोंडाचा पट्टा सुटणार. आक्का सुनेच्या तोंडाकडे बघत होती, आणि किती दिवसांनी नीट बघत होती कोण जाणे. गालांची हाडं, काळे पडलेले ओठ, चोळीचा सैल झालेला काठ. तिनं पान मागं घेतलं आणि थेंब खाली फरशीवर पडला.

"व्हय," आक्का म्हणाली. एवढंच.

तिनं बाळ माझ्याकडे दिलं. घागर उचलली आणि सगळी गटारात ओतली. मग दगडांपुढं गुडघे टेकून ती काहीतरी पुटपुटली. शब्द मोडतेय, माझ्यावर राग धरा, पोरींवर नको, असं काहीसं मला ऐकू आलं. तिनं सौंदर्याला पदर पसरायला सांगितलं. पहिला दगड उचलला, पुसला आणि तिच्या पदरात ठेवला. मग दुसरा. सौंदर्या ओझ्यानं वाकत गेली, पण मागं सरली नाही. सगळे दगड तिच्या पदरात गेल्यावर आक्कानं सयाजीला हाक मारली आणि खणायला सांगितलं.

फार खोल जावं लागलं नाही. लोखंडी नळाचा सांधा कधीचाच कुजून गेला होता. त्याला लागूनच यंदाच्या पावसात गटार फुटलं होतं आणि काळा चिखल सांध्यात शिरत होता, एका लयीत, थेंब थेंब. खड्ड्यातून अशी दुर्गंधी आली की बायका मागं हटल्या. अनुजानं नाकाला रुमाल लावला. आक्का मात्र खड्ड्याच्या काठावर बसून वाकून आत बघत राहिली. सयाजी म्हणाला, आक्का, बाजूला व्हा. ती हलली नाही.

"ह्या घाणीवर बसवलं व्हय गं मी तुमास्नी," ती म्हणाली, "आन् वरनं रोज आंगूळ घालत हुतो."

 तेवढ्यात माझ्या हातातलं बाळ रडू लागलं. आक्कानं मान वर केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, तुझी ती उकळलेल्या पाण्याची बाटली कुठं आहे? म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी घरातून बाटली आणली. टँकरचं पाणी, उकळून गार केलेलं, तरी औषधाचा वास थोडा उरलेला. आक्कानं आधी स्वतः घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि गिळला. मग सौंदर्याच्या पदरातले दगड तिनं आपल्या पदरात घेतले आणि धुतलेलं तुळशीचं पान तिच्या हातात दिलं.

"तू पाज," आक्का म्हणाली. "आजीचा मान बाजूला ऱ्हाऊ दे. तुज्या हातानं पाज."

सौंदर्यानं पान बुडवलं. बाळानं थेंब चाटला, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा तोंड उघडलं.